तोंडी सगळं येतं, वहीत काहीच उतरत नाही : शाळेकडे नक्की काय मागायचं?

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका आईचा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, अनुदानित मराठी शाळेत चौथीत. अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग उभा राहून, हातवारे करत पाच मिनिटं सांगतो. त्याच धड्यावरच्या लेखी चाचणीत वीसपैकी चार. पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीला घाम फुटतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘डिस्लेक्सिया असू शकेल’ म्हटलंय. बाईंचं म्हणणं, घरी अभ्यास घेत नाही. मुख्याध्यापकांचं म्हणणं, दाखला काढून ‘अशा मुलांच्या’ शाळेत घाला. सासूबाईंचं म्हणणं, मोबाइल बंद करा. आम्ही कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि मुलाला काय सांगायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, सगळ्यात आधी : दाखल्यासाठी अर्ज करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला हे ठाऊक असतं, म्हणून ‘काढा’ हे कधी लेखी येत नाही. ऑफिसात बसवून, चहा पाजून, ‘तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी’ असं तोंडी येतं. तुम्ही अर्जावर सही केली की कागदोपत्री निर्णय तुमचा ठरतो. शिवाय ‘अशा मुलांची’ शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा. अध्ययन अक्षमतेत (डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, हा तिचाच एक प्रकार) बुद्धी नेहमीसारखीच असते, कधी चार पावलं पुढेच. असं मूल त्या शाळेत गेलं तर तिथल्या शिक्षकांनाही कळत नाही की याचं काय करायचं.

मी एकवीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ पालकांचं पहिलं वाक्य असतं : ‘सर्टिफिकेट कुठे मिळेल?’ सर्टिफिकेट, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र, लागेल, त्याबद्दल खाली सांगते. पण ते परीक्षेसाठी आहे. येत्या सोमवारी वर्गात त्याला जे हवंय त्यातलं बरंचसं कुठल्याही शिक्क्याशिवाय मिळू शकतं. पालक वर्षभर रुग्णालयाच्या तारखा घेत राहतात आणि तेवढ्यात मूल ‘मला काही येत नाही’ हे पाठ करून बसतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

तर आधी वह्या घेऊन बसा. जूनपासूनच्या सगळ्या. त्यातही श्रुतलेखनाची वही, कारण त्यात फळ्यावरून उतरवलेलं नसतं, कानाने ऐकून हाताने लिहिलेलं असतं. एक कोरा कागद घ्या आणि चुका वेगवेगळ्या रकान्यांत टाका.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाजूला काढा आणि सोडून द्या. त्या मीही करते, तुमच्या बाईही करत असतील, वर्तमानपत्रंही करतात. त्यावरून काही ठरत नाही. बघायच्या त्या दुसऱ्याच. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चं ‘मात’, ‘ढग’चं ‘ठग’, म्हणजे दिसायला जवळची अक्षरं चौथीतही अदलाबदल होतायत का? मात्रा गळतेय का : ‘शाळेत’चं ‘शाळत’, ‘पाऊस’चं ‘पउस’? जोडाक्षर फुटतंय का : ‘प्रकाश’चं ‘पकाश’, ‘कोल्हापूर’चं ‘कोलापुर’? आणि रफार. ‘वर्ग’ बोलताना र आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र तो ग च्या डोक्यावर जाऊन बसतो. पहिल्या वेलांटीचं त्याहून उलटं : ‘दि’ म्हणताना द आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी डावीकडे, द च्याही आधी. आपल्याला हे कधी जाणवत नाही. ज्या मुलाला आवाज आणि चिन्ह यांची सांगड घालायलाच जास्त वेळ लागतो, त्याला देवनागरी इथे पायात पाय घालून पाडते. माझ्याकडच्या एका मुलाच्या वहीत ‘दिवस’ हा शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला होता : ‘दवस’, ‘दविस’, ‘दीस’. खाली लाल शाईत शेरा : ‘निष्काळजी!’ निष्काळजी मूल एकच चूक पुन्हा पुन्हा करून मोकळं होतं हो. तीन वेगवेगळे प्रयत्न करणारं मूल धडपडत असतं.

गणिताची वहीही बघा. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतो आणि पन्नास नंतर. मूल ऐकल्याबरहुकूम ३५ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. भाषेचं काय व्हायचं ते होवो, आमच्या टेबलावर ती पद्धत आधीपासून चालायची आणि उपयोगी पडायची. तुमचा मुलगा हिशेब तोंडी बरोबर सांगून कागदावर चुकतो का, हे नक्की टिपून ठेवा.

शाळेशी बोलताना हा कागद तुमच्या हातात हवा. ‘माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ म्हणून गेलात तर बाई म्हणतील, मी काय डॉक्टर आहे का? ‘बाई, हा जोडाक्षरं गाळतो आणि फळ्यावरून उतरवताना ओळ हरवतो, तोंडी मात्र सांगतो’ म्हणून गेलात तर त्यांना त्यांच्याच अनुभवातलं काहीतरी आठवतं. बाईंना एकटं गाठा, पालकसभेच्या गर्दीत नाही. त्यांच्या वर्गात पन्नास मुलं असतील, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा असेल, सर्वेक्षणाचे कागद भरायचे असतील. पाचापेक्षा जास्त गोष्टी मागू नका. मी साधारण या पाच मागायला सांगते.

पहिल्या बाकावर जागा. अचानक उभं करून प्रकट वाचन नको. वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी सांगावा, घरी तयारी करून घेऊ. फळ्यावरचं सगळं उतरवण्याची सक्ती नको, शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो चालेल. गृहपाठ निम्मा : दहा गणितांऐवजी पाच, आणि चुकलेला शब्द वीस वेळा लिहिण्याची शिक्षा बंद, कारण तो चुकीचा शब्द वीस वेळा लिहून आणखी पक्का करतो. आणि पाचवी, सगळ्यात मोलाची : भाषा सोडून बाकी विषयांत तोंडी विचारून गुण द्यावेत, शुद्धलेखनाचे कापू नयेत.

या पाचव्या मागणीवर ‘असं नियमात बसत नाही’ हे उत्तर हमखास येतं. बसतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता-शिकवता होणाऱ्या, मूल्यमापनाची जी साधनं दिलेली आहेत त्यात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. लेखी चाचणी हे त्यातलं एक. अफजलखानाचा प्रसंग त्याने उभं राहून सांगितला तर ते गुण देण्याचा अधिकार बाईंना आजही आहे, कुणाची परवानगी लागत नाही. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. ‘बाई, आकारिकच्या नोंदीत तोंडी कामात हे धरता येईल का?’ असं विचारा. शाळेची भाषा बोलणाऱ्या पालकाशी शाळा वेगळी वागते.

बोलणं झालं की त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. एक पान पुरे. मजकूर असा चालेल :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत असून डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अशी अडचण लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय करणे अपेक्षित आहे. तरी तपासणी पूर्ण होईपर्यंत वर्गात पुढील सवलती द्याव्यात, तसेच गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना त्याची माहिती कळवावी, ही विनंती.’

खाली त्या पाच गोष्टी. दोन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर हसून तिथेच उभ्या राहा. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो. अर्जातलं हे दिव्यांग कायद्याचं कलम १६ सरकारी, अनुदानित आणि शासनमान्य अशा सगळ्या शाळांना लागू आहे, तेव्हा ‘आम्ही खासगी संस्था आहोत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

गट साधन केंद्राचं नाव बऱ्याच पालकांनी ऐकलेलं नसतं. प्रत्येक तालुक्याला ते असतं आणि समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तिथून शाळांवर फिरतात. एकेकाकडे शाळा इतक्या असतात की तुमच्या मुलाला आठवड्याला तास मिळेल अशी आशा धरू नका. पण ते एकदा वर्गात येऊन बाईंशी बोलले तरी फरक पडतो, कारण तेच वाक्य आईने सांगितलं की तक्रार होते आणि विशेष शिक्षकाने सांगितलं की मार्गदर्शन होतं. मुख्याध्यापक काहीच करत नसतील तर पुढची पायरी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते. पण ज्या शाळेत मूल रोज सहा तास बसणार आहे, तिच्याविरुद्ध तो बाण शेवटी काढा.

आता प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९६ पासून, महाराष्ट्रात दहावीला या मुलांना सवलती मिळू लागल्या होत्या. बाकी राज्यांच्या तुलनेत आपण इथे बरेच पुढे होतो. तपासणीबाबत केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वयाची अट आठ वर्षं पूर्ण अशी होती. तुमचा मुलगा त्यात बसतो. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. त्या सूचना २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की त्यावर पुढची तारीख काय छापली आहे ती बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या मंडळाकडे. मुंबईत असतात त्यांच्यासाठी शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर आणि केईएम ही जुनी ठिकाणं आहेत. तुमच्या जिल्ह्यात त्या वेळी मानसशास्त्रज्ञाची जागा भरलेली आहे का, हे जाण्याआधी फोन करून विचारा; नसेल तर दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवण्याचं पत्र मागा. एका फेरीत काम होत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, आणि हे टाळू नका. मुलाला पाच मीटरवरचा फळा दिसतच नव्हता, असं निघालेली दोन प्रकरणं माझ्याच वहीत आहेत. मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, ज्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच वापरतात. चाचणी मुलाच्या शाळेच्या भाषेत होतेय ना, हे विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला देऊन अक्षमता ठरवणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून लंगडा ठरवणं. मराठीतली साधनं आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचं ‘डाली’ हे डिस्लेक्सिया तपासायचं साधन हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे.

सोबत न्यायचं : आधार, फोटो, प्रगतिपुस्तकं, शाळेचं पत्र आणि त्या वह्या. वह्या घरी ठेवून येणाऱ्या पालकांना मी परत पाठवलेलं आहे, तेव्हा त्या पिशवीत आधी टाका.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. २०१८ च्या त्या सूचनांत बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढची चाचणी, असं होतं; आता काय आहे ते रुग्णालयात विचारून घ्या. ७० ते ८५ च्या मधली मुलं, ज्यांना शाळेत ‘स्लो लर्नर’ म्हणतात, ती त्या नियमाने या प्रमाणपत्राच्या बाहेर राहायची आणि बौद्धिक अक्षमतेतही बसायची नाहीत. मदतीची गरज त्यांना तसूभरही कमी नसते. मला या नियमाचा राग येतो, आणि तो रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञांनाही येतो, पण सही त्यांना करायची असते. तुमच्या मुलाचं असं निघालं तर वरच्या पाच मागण्या तशाच्या तशा उभ्या राहतात, म्हणून तर त्या आधी सांगितल्या.

प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर लक्षणीय दिव्यांगत्वाचे लाभ मिळतात, त्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणही आहे. कमी आलं म्हणून हातपाय गाळू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की लेखनिकाची (सांगितलेलं उत्तर लिहून देणाऱ्याची) सोय फक्त ४० टक्क्यांवरच्यांनाच, असं म्हणता येणार नाही. ते प्रकरण हात आखडण्याच्या विकाराचं होतं, पण मुद्दा तोच.

दहावी तुमच्यापासून सहा वर्षं दूर आहे. तरी एक सांगते, कारण तिथली चूक मी जवळून पाहिली आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात. गणिताच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, भाषेच्या तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. लेखनिक मिळतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तुमचं मंडळ कोल्हापूर. माझ्याकडच्या एका मुलीच्या शाळेने हा प्रस्ताव टेबलावर ठेवला तो ठेवलाच. मंजुरी ऐन वेळी आली, आणि लेखनिक मिळाला तो पेपरच्या दिवशी, पहिल्यांदा. मुलगी हुशार, उत्तरं डोक्यात तयार. पण सांगायचं कसं, हेच कुणी शिकवलं नव्हतं. ती एक वाक्य बोलायची आणि तो लिहीपर्यंत पुढचं विसरायची. आकृतीत बाण कुठे काढायचा ते शब्दांत सांगता येईना. तो मुलगा ‘हे ज्ञ ने का?’ असं विचारायचा आणि ती गप्प. जादा तास मिळूनही दोन प्रश्न राहिले. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे सायकल चालवण्यासारखं आहे, आठवीपासून घटक चाचण्यांत सराव हवा. भाषेतून सूट किंवा गणिताला पर्याय घेण्याचा निर्णयही तेव्हाच, मुलाशी बोलून. पाचवीतच इंग्रजी सोडायला निघालेल्या पालकांना मी थांबवते.

घरी रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. बारा अक्षरी शब्दांच्या याद्या नकोत. त्याला आवडतं ते तुम्ही वाचून दाखवा, बोट ओळीखाली सरकवत. त्याने फक्त जोडाक्षरं आली की ती म्हणायची. शिकवणीच्या बाई लावणार असाल तर एकच प्रश्न विचारा : ‘आवाज आणि अक्षर यांच्यावर काम करता, की शाळेचाच गृहपाठ करून घेता?’ तीन महिन्यांत डिस्लेक्सिया ‘बरा’ करून देणारे, मेंदूचे व्यायाम आणि थेंब विकणारे यांच्याकडे जाऊ नका, पैसे जातात आणि मुलाचा विश्वास जातो.

सासूबाईंना श्रुतलेखनाची वही दाखवा आणि सोबत तो प्रसंग त्याच्या तोंडून ऐकवा. आणि यजमानांना विचारा, शाळेत असताना त्यांना वाचायला कसं जायचं. ही अडचण घराण्यात वाहते. माझ्यासमोर बसलेल्या किती वडिलांनी मुलाची चाचणी चालू असताना हळूच सांगितलंय, ‘मॅडम, हे माझंही असंच आहे.’

राहिलं मुलाला काय सांगायचं. नाव सांगा, लपवू नका. ‘ढ’ हे नाव वर्गाने त्याला आधीच दिलेलं असतं, त्यापेक्षा खरं नाव बरं. गेल्या वर्षी एका चौथीतल्या मुलाला मी सांगितलं, तुझं डोकं चांगलं आहे, फक्त अक्षर ओळखायला त्याला जास्त वेळ लागतो, ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. तो जरा थांबला.

‘चष्म्यासारखं असतं का?’

म्हटलं, नाही, चष्म्याने जात नाही. पण शिकवायची वेगळी रीत आहे, ती आपण करू, आणि बाईंना मी पत्र देणार आहे.

‘पत्रात काय लिहिणार?’

मी वाचून दाखवलं. प्रकट वाचनाचा मुद्दा त्याने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, ‘वीस वेळा लिहायचं नाही, ते जरा मोठ्या अक्षरात लिहा,’ आणि बाहेर त्याची आई बसली होती तिकडे पळाला.